'माझं कॅरेक्टर असंच आहे' म्हणणं मी कसं सोडलं

डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलभोवती बसून मिळून गोष्ट रचायचा गेम, खेळायला आमच्याकडे कोणी नवीन आलं की पहिले प्रश्न ठरलेले. किती पुस्तकं वाचायची, वीस बाजूंचा डाइस कुठे मिळतो, जादू कशी चालते. हे सगळं दोन-तीन सेशनमध्ये जमतं हो. मला जे जमायला जवळपास वर्ष गेलं ते वेगळंच होतं, आणि ते आधी कोणी कानात सांगितलं असतं तर आमची एक चांगली प्लेयर तीन महिने टेबलवरून गायब झाली नसती.

आम्ही पाच प्लेयर आणि एक डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा), रविवारी दुपारी इंदूरच्या राजेंद्र नगरला एकाच्या घरी वरच्या खोलीत बसतो. बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, नियम इंग्रजीत, आणि प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटवर (आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद) पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचे डाग. खाली आजी असतात, त्यांनी एकदा जिन्यातून विचारलं होतं, "अरे दुपारपासून कोणाला मारून राहिलेत?"

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा गेम काढला, आधी पटावर फौजा लढवायचे त्यातून एकेक माणूस खेळायची कल्पना आली. डीएम जग आणि त्यातली बाकी सगळी माणसं सांभाळतो, आपण एकच कॅरेक्टर सांभाळायचं. आम्ही 2014 वाली पाचवी आवृत्ती खेळतो. महागडं पुस्तक लगेच घेऊ नका, मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, सुरुवातीला तेवढा पुष्कळ झाला.

तर माझं पहिलं कॅरेक्टर रोग होतं, इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर-लफंगा. (हो, या नावावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत.) नाव ठेवलं बहिर्जी, आणि बॅकस्टोरी अशी की आईबाप नाहीत, कोणावर विश्वास नाही, कोणाशी बोलत नाही, एकटाच फिरतो. चार पानं लिहिली होती चार! आता कोणी अशी पानं आणली की मी एकच विचारतो, मग हा माणूस बाकीच्या चौघांबरोबर कशाला हिंडतोय?

दुसऱ्याच सेशनला एक ओसाड गाव आलं, विहिरीच्या काठावर एक म्हातारी बसलेली. आमच्यात क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, खेळणारी मुलगी नवीन होती, फार बोलायची नाही, कॅरेक्टरचं नाव इरा. तिने पहिल्यांदाच स्वतःहून हात वर केला, म्हणाली मी हिच्याशी बोलू का? डीएम तिच्याकडे वळला, म्हातारीचा आवाज काढायला त्याने घसासुद्धा साफ केला, आणि मी मध्येच, "तोपर्यंत मी हिच्या घरात शिरतो, मिळेल ते उचलतो." डाइस टाकूनही मोकळा, 19. झालं. सगळे ओरडले, मग घरात चांदीचे तोडे, मग कोणीतरी पाहिलं, मग अख्खं गाव मागे लागलं, मग मारामारी, तासभर तेच. म्हातारी काय सांगणार होती ते राहूनच गेलं. इराने शीट दुमडून बॅगेत ठेवली ते मला दिसलं होतं, पण तेव्हा मी तोड्यांचे किती मिळतील याचा हिशोब करत होतो. पुढच्या रविवारी तिला क्लास होता. त्याच्या पुढच्याही.

कोणी काही बोललं की माझं उत्तर तयार, "काय करणार भिया, माझं कॅरेक्टर असंच आहे." एका रात्री खेळ संपल्यावर सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात उभे होतो तेव्हा डीएमने शांतपणे विचारलं, बहिर्जी नाईक शिवाजी महाराजांचे हेर ना? त्यांनी आपल्याच माणसांच्या वाटेचं काही पळवलं असतं का रे? आणि असं आहे असं आहे म्हणतोस, ते लिहिलं कोणी? माझ्याकडे उत्तर नव्हतं, गराडू तेवढे संपवले.

कॅरेक्टर चोर असायला काहीच हरकत नाही. पण त्याने काय करायचं ते आपणच ठरवतो, आणि त्याच चोराला थांबायचं कारणही आपणच देऊ शकतो. आता माझा बहिर्जी म्हातारीच्या घराकडे बघतो, मनात येतं, मग इराकडे बघून गप्प बसतो, कारण तिने एकदा त्याची जखम बरी केली होती. कॅरेक्टर तेच, फक्त टेबलवर जागा कमी खातं.

दुसरी गोष्ट, स्किलचं नाव घेऊन डाइस उचलू नका. "पर्सेप्शन (चाहूल घ्यायचं स्किल) टाकू?" यापेक्षा "मी दाराला कान लावून ऐकतो" म्हणा, रोल लागतो की नाही ते डीएम सांगेल. कित्येकदा लागतच नाही, नुसतं विचारलं म्हणूनच कळून जातं.

आता थोडं गणित, हे मला फार आवडतं. समजा कुलूप उघडायला 15 लागतात आणि तुमच्या स्किलचे अधिक 3 आहेत, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर 12 किंवा वर यायला पाहिजे, चान्स 45 टक्के. पण दुसऱ्याने कंदील धरला, मदत केली, तर दोन डाइस टाकून मोठा घ्यायचा, चान्स थेट 70 टक्क्यांच्या आसपास. एका मदतीत पंचवीस टक्के! लोक दोन दोन महिने लेव्हल वाढायची वाट बघतात आणि शेजारचा मोकळा बसलेला असतो त्याला कोणी विचारत नाही.

लढाईत आपली पाळी येईपर्यंत मोबाइल बघायचा आणि मग "हां, काय झालं?" विचारायचं, हे सगळ्यात वैताग आणणारं. सहा जणांनी प्रत्येकी तीन मिनिटं घेतली तरी एक फेरी अठरा मिनिटांची होते. आधीच्याची पाळी चालू असतानाच आपलं ठरवून ठेवा, मंत्राचे नियम शीटच्या मागे लिहून ठेवा. आणि यायचं नसेल तर शनिवारी कळवा, डीएमने तुमच्यासाठी राक्षस बनवलेला असतो हो, त्याचंही आयुष्य आहे.

आमच्या टेबलच्या मधोमध पत्त्यातला जोकर ठेवलेला असतो. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड म्हणून एक तंत्र आहे, त्याचीच ही देशी आवृत्ती. कथेत नको ते यायला लागलं की जोकरला हात लावायचा, डीएम तो भाग सोडून पुढे जातो, का ते विचारायचं नाही. मला आधी हे नाटक वाटायचं. मग एकदा गोष्टीत आजारी आजोबांचा सीन चालू होता आणि आमच्यातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाने काही न बोलता जोकरवर बोट ठेवलं, त्याच्या घरी काय चालू होतं ते आम्हाला नंतर समजलं. डीएमने एका वाक्यात सकाळ करून टाकली आणि खेळ पुढे गेला.

इराला मी फोन करून सॉरी म्हटलं, ती म्हणाली बघते. आली ती तीन महिन्यांनी, तीही जिन्यातूनच आजींशी गप्पा मारत मारत. तेव्हापासून मी एक छोटी वही ठेवतो, त्यात माझ्या कॅरेक्टरचं काहीच नसतं. बाकीच्यांचं असतं, कोणाचा भाऊ हरवलाय, कोण आगीला घाबरतं, कोणाला काय विचारायचं राहून गेलंय. गेल्या रविवारचं पान: "इरा – विहिरीवरच्या म्हातारीकडे परत जायचं म्हणतेय. तोडे परत करणे. आधी ती बोलेल."