कॉलेज फुटबॉलसाठी नवा सराव हॉल बांधायचा का? आधी बुडालेले तास मोजा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत फुटबॉलच्या (म्हणजे सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलच्या) नव्या सराव-संकुलाचा प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच वाटेने येतो. शेजारच्या विद्यापीठाने बांधलेलं असतं, चांगले खेळाडू त्यामुळेच तिकडे जातात असं मुख्य कोचचं म्हणणं असतं, एखादा मोठा देणगीदार तयार असतो आणि आर्किटेक्टची रंगीत चित्रं बैठकीत फिरत असतात. गरज किती आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तो पहिल्यांदा कसा विचारायचा आणि उत्तर आकड्यांत कसं काढायचं, ते इथे दिलं आहे. असा प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी प्रतिनिधी असतात, त्यांना हे उपयोगी पडेल. अनेक सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीमध्ये क्रीडा विभागाचा वाटा असतो. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांच्या खिशातूनही तो जातो, म्हणून हा हिशेब मागायचा हक्क त्यांनाही आहे.

बुडालेले तास

मागच्या तीन हंगामांतल्या प्रत्येक सरावाची एक ओळ लिहा: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुरू आणि बंद झाल्याची वेळ, थांबण्याचं कारण. कारणं चारच ठेवा: आकाशातली वीज, उष्णता, थंडी-बर्फ, भिजलेलं मैदान. कोचच्या आठवणीवर विसंबू नका. सरावाचं चित्रीकरण रोज होतं आणि प्रत्येक फाइलवर वेळ असते. ती ॲथलेटिक ट्रेनरच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्याच्या, नोंदवहीशी ताडून पाहिली की मिनिटांपर्यंत हिशेब लागतो.

विजेमुळे बुडणारा वेळ सगळ्यांत फसवा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी गेले, म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आली, की मैदान रिकामं करायचं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, आणि मध्ये पुन्हा ऐकू आला तर घड्याळ शून्यावर. दोन तासांचा सराव एका रेंगाळणाऱ्या वादळात असा संपूर्ण जातो. हंगामात खेळाडूंना नियमाने आठवड्याला २० आणि दिवसाला ४ तासांचीच मुभा असल्यामुळे गेलेला वेळ दुसऱ्या दिवशी भरून काढायलाही फारशी जागा नसते. फ्लोरिडा किंवा लुइझियानात हे कारण खरंच वजनदार आहे. कोरड्या हवेच्या भागात तीन हंगामांची वही जवळजवळ कोरी निघू शकते.

उष्णतेचे तास मात्र वेगळे काढा, कारण हॉल हा त्यावरचा सरळ उपाय नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सगळा सराव वातानुकूलित हॉलमध्ये केला आणि शनिवारचा सामना दुपारच्या उन्हात खेळला, तर ती सवय झालेलीच नसते. वातानुकूलन नसलेला पत्र्याचा हॉल तर बाहेरच्यापेक्षाही तापतो.

पैशाचा हिशेब

समजा ६ कोटी डॉलरचं संकुल आहे आणि सगळी रक्कम ३० वर्षांच्या, ५ टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांतून उभी करायची आहे. वर्षाचा हप्ता सुमारे ३९ लाख डॉलर पडतो, म्हणजे एकूण परतफेड ११.७ कोटी. त्यावर देखभाल-दुरुस्ती. इमारतीच्या पुनर्बांधणी खर्चाच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी बाजूला काढावी, हा सार्वजनिक इमारतींचा जुना आणि योग्य ठोकताळा आहे. खालची बाजू धरली तरी १२ लाख होतात. वर्षाचे झाले ५१ लाख डॉलर, आणि यात वीज, विमा, सफाई कर्मचारी अजून धरलेले नाहीत.

आता भागाकार करा. वहीत वर्षाला ४० तास बुडालेले निघाले, तर वाचवलेला प्रत्येक तास सव्वा लाखाहून जास्त डॉलरला पडतो. त्याच हॉलमध्ये सॉकर, लॅक्रोस, बँड आणि विद्यार्थ्यांचे आंतरवर्गीय खेळ मिळून आणखी १००० तास बसत असतील, तर तास सुमारे ४,९०० डॉलरवर येतो. म्हणून इतर संघांचं वेळापत्रक आधीच लेखी ठरवून घ्या. 'इतरांनाही वापरता येईल' एवढंच लिहिलेलं असेल तर दुपारी तीन ते सहा फुटबॉल आणि बाकीच्यांना रात्री दहा, असंच होतं.

हेच ५१ लाख आणखी एका आकड्याशेजारी ठेवा. कॉलेज खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड ६ जून २०२५ रोजी मंजूर झाली. १ जुलै २०२५ पासून तीत सामील विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, आणि २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हॉलचा वार्षिक खर्च त्याच्या एक चतुर्थांश होतो. भव्य इमारती बांधण्याची चढाओढ सुरू झाली तेव्हा खेळाडूंना पगार देता येत नव्हता, त्यामुळे पैसा भिंतींत गेला. ओरेगॉनचं हॅटफील्ड-डाउलिन संकुल २०१३ मधलं, क्लेमसनचं घसरगुंडीवालं संकुल २०१७ मधलं. आता खेळाडू आधी करार पाहतो, आणि २०२४ पासून एक वर्ष बाहेर न बसता कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो. 'नव्या इमारतीमुळे भरती सुधारेल' हे कारण आम्ही आज सगळ्यांत कमकुवत मानतो. प्रस्तावात तेच पहिलं असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

देणगीबाबत दोन गोष्टी. वचन म्हणजे रोकड नव्हे. मोठ्या देणग्या बहुधा पाचेक वर्षांत हप्त्यांनी येतात आणि कंत्राटदाराचं बिल दर महिन्याला येतं. मधल्या काळाच्या कर्जाचं व्याज प्रस्तावात दाखवलंय का ते पाहा. दुसरं, देणगीदाराला नाव इमारतीवर हवं असतं, देखभालीसाठी कुणी देत नाही. वर्षाला १२ लाख कायम मिळायला ४ टक्के उचल धरली तर ३ कोटींचा निधी लागतो. तो देणगीच्या करारातच मागा, नंतर मिळत नाही.

भविष्यातल्या विक्रीवर कर्ज काढलं की काय होतं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत दिसलं. भूकंपाच्या धोक्यामुळे स्टेडियमचं काम टाळता येण्यासारखं नव्हतं. ते २०१२ मध्ये, नव्या प्रशिक्षण केंद्रासह पूर्ण झालं आणि कर्ज ४० कोटी डॉलरच्या वर गेलं. दीर्घ मुदतीने आसनं विकून ते फेडायचं होतं, पण अपेक्षेएवढी आसनं खपली नाहीत आणि कर्जाचा मोठा भार विद्यापीठाच्या मुख्य खात्यावर आला.

टायटल नाइन विसरू नका. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या या कायद्याखाली लॉकर रूम आणि सरावाच्या सोयींची तुलना होते, आणि पैसा देणगीदाराचा होता ही सबब चालत नाही. मुलींच्या संघांच्या सोयींची यादी आणि त्यांचा खर्च त्याच प्रस्तावात हवा.

आधी करायची स्वस्त कामं

प्रत्येक सराव मैदानाच्या कडेला थंड पाण्याचा टब हवा. ४०० ते ५५० लिटरची, गुरांना पाणी पाजायची साधी टाकी चालते. पाणी २ ते १५ अंश सेल्सिअस, शेजारी बर्फाच्या पेट्या आणि गुदद्वाराचं तापमान मोजणारा थर्मामीटर. उष्माघात झालेल्या खेळाडूचं तापमान ३० मिनिटांच्या आत ३८.९ अंशांवर आणायचं आणि मगच रुग्णवाहिकेत हलवायचं. मेरीलँड विद्यापीठात मे २०१८ मध्ये सरावात उष्माघात झालेल्या खेळाडूला थंड पाण्यात ठेवलं गेलं नाही, आणि १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. ही सोय काही शे डॉलरची आहे. ती नसताना कोट्यवधींच्या हॉलची चर्चा करणं आम्हाला अक्षम्य वाटतं.

मग टर्फ, म्हणजे रबराचे दाणे भरलेलं कृत्रिम गवत. त्याचा कठीणपणा जी-मॅक्स चाचणीने, म्हणजे वजन टाकून आदळण्याचा धक्का मोजून, दरवर्षी तपासा. २०० च्या वर गेला तर मैदान बंद, आणि १६५ च्या खाली ठेवणं चांगलं. चाचणी मैदानाच्या मधोमधच करून घेऊ नका. रबराचे दाणे आधी कमी होतात ते हॅश मार्कवर (मैदानात आखलेल्या छोट्या रेघांच्या दोन ओळींवर), गोल लाइनजवळ आणि लाइनमनच्या (समोरासमोर रेटारेटी करणाऱ्या खेळाडूंच्या) सराव-जागेत, कारण पाय रोज तिथेच रुततात. खोली मोजायची सुई घेऊन दर महिन्याला या जागा तपासा आणि दाणे भरा.

बांधायचंच ठरलं तर

मध्यम मार्ग आहे. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने, म्हणजे यूएबीने, डिसेंबर २०१४ मध्ये फुटबॉल बंद केला. लोकांनी पैसा उभा केल्यावर २०१७ मध्ये संघ परतला आणि सोबत फुटबॉल इमारत व बाजूंनी उघडा, फक्त छताचा सराव मंडप आला. दोन्ही मिळून सुमारे सव्वादोन कोटी डॉलरमध्ये. उबदार प्रदेशात असा मंडप पाऊस आणि ऊन अडवतो आणि वातानुकूलनाचं बिल वाचवतो. विजेच्या वेळी मात्र नुसत्या छताला आसरा समजू नका. भिंती, वायरिंग आणि नळ असलेली इमारत जवळ हवी. बर्फाच्या प्रदेशात हवेच्या दाबावर उभा राहणारा घुमट स्वस्त पडतो, पण पंखे अखंड चालवावे लागतात आणि बर्फाचं वजन बेतावं लागतं. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं छत १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फानेच फाटलं.

पूर्ण मैदान १०९.७ बाय ४८.८ मीटर असतं. चारही बाजूंना ५ मीटर मोकळे धरले तर सुमारे ७,००० चौरस मीटर लागतात. बहुतेक कवायती ६०-७० यार्डांत (५५-६४ मीटरमध्ये) होतात, त्यामुळे एक एंड झोन (गोल लाइनपलीकडचा टोकाचा पट्टा) आणि अर्धं मैदान यावर आधी विचार करा. उंचीचा हिशेब पंटवरून, म्हणजे हातातून सोडून लाथेने उंच मारलेल्या चेंडूवरून करा: हवेत ४.५ सेकंद राहणारा चेंडू साधारण २५ मीटर वर जातो. छत २० मीटरवर असेल तर चांगला पंटर दिवे फोडेल, म्हणजे लाथेचा सराव बाहेरच ठेवावा लागेल. हे नकाशावरच मान्य करून घ्या.

टर्फ आठ-दहा वर्षं टिकतं, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागेल. त्यासाठी वेगळं खातं पहिल्या वर्षापासून. आत पाऊस पडत नाही, म्हणून घाम, रक्त आणि धूळ धुतली जात नाही. जंतुनाशक फवारणीचं वेळापत्रक आणि पाण्याचा नळ आराखड्यात हवा.

ताबा घेताना कंत्राटदाराची ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवा. जी-मॅक्सचा अहवाल हातात येईपर्यंत, पहिल्या मोठ्या पावसानंतर छताचे सांधे तपासेपर्यंत आणि रुग्णवाहिका मोठ्या दारातून टर्फच्या कडेपर्यंत आणून पाहेपर्यंत ती सोडू नका.