लहान ट्रॅक्टर आणि जड अवजारांनी झाडे काढून जमीन मोकळी कशी करावी

पुढे लोडर (ओझे उचलणारे हायड्रॉलिक हात) आणि मागे भक्कम अवजार जोडलेला लहान ट्रॅक्टर पाहिला की तो वाटेत येणारे काहीही ढकलून देईल असे वाटू लागते. प्रत्यक्षात २० ते ५० अश्वशक्तीचा असा ट्रॅक्टर वजनाला बहुधा एक-दीड टनाच्या आसपास असतो आणि त्याच्यासमोर उभे असलेले मध्यम झाड अनेकदा त्याच्याहून जड भरते. त्यामुळे कामाची विभागणी आधीच पक्की करावी: उभे झाड करवतीने पाडायचे आणि ते जमिनीवर आल्यावर ओढणे, उचलणे, रचणे व बुडखा काढणे ही कामे ट्रॅक्टरकडे द्यायची. उभ्या झाडाला लोडरने रेटा दिला तर हादऱ्याने वरची वाळलेली फांदी तुटून थेट चालकावर येऊ शकते आणि झाड कलताना मुळांचा गड्डा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांखालून वर उचलला जातो. लहान ट्रॅक्टरवर डोक्यावरून पडणाऱ्या वस्तूंपासून वाचवणारे छत सहसा नसते, म्हणून हा मोह टाळावाच.

जागेची पाहणी

काम सुरू करण्याआधी सगळी जागा पायी फिरून पाहावी आणि ठेवायची झाडे व काढायची झाडे वेगवेगळ्या रंगांनी खुणावून ठेवावीत. झाडाचा कल कोणीकडे आहे, शेंडा वाळला आहे का, वरून विजेच्या तारा जातात का, जमिनीखाली केबल, पाण्याची किंवा गॅसची वाहिनी आहे का, याची खात्री संबंधित यंत्रणांकडून करून घ्यावी. झाड तोडण्यासाठी परवानगी लागत असेल तर तीही याच टप्प्यावर मिळवावी. जमीन किंचित ओलसर असली की मुळे सैल सुटतात, पण चिखल असेल तर चाकांना पकड मिळत नाही, म्हणून पावसानंतर वरचा थर सुकेपर्यंत थांबणे चांगले.

ट्रॅक्टरची तयारी

या कामातले बहुतेक धोके तोल बिघडल्यामुळे निर्माण होतात, म्हणून इथे वेळ द्यावा. लहान ट्रॅक्टरची पुढची धुरा मधोमध एका खिळीवर डोलणारी असते. त्यामुळे दिसायला ट्रॅक्टर चार चाकांवर उभा असला तरी त्याचा तोल मागची दोन चाके आणि पुढची ती खीळ यांनी बनलेल्या त्रिकोणावर सांभाळला जातो. लोडरमध्ये ओझे घेतले की भार या त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि एखाद्या लहानशा उंचवट्यावरही ट्रॅक्टर कडेला कलंडू शकतो. यावर उपाय म्हणजे मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजला (अवजारे जोडायच्या तीन दांड्यांना) पुरेसे वजन लावणे: काँक्रीटने भरलेली पेटी किंवा एखादे जड अवजार. किती वजन लावावे हे लोडरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते अंदाजाने कमी करू नये.

उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट दुमडती असेल तर ती उभी करून पक्की करावी आणि सीटबेल्ट लावावा; दोन्ही एकत्र असतील तरच त्यांचा उपयोग होतो. ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या हायड्रॉलिक नळ्या आणि टायरचे व्हॉल्व्ह कापलेल्या खुंटांवर सहज फाटतात, म्हणून खाली जाड पत्रा बसवून घेणे फायद्याचे आहे. पालापाचोळ्याने रेडिएटरची जाळी चोंदते; ती दिवसातून अनेकदा साफ करावी.

झुडपे आणि झाड पाडणे

आधी खालची झुडपे रोटरी कटरने (फिरत्या पात्यांच्या अवजाराने) काढावीत, म्हणजे पळायला वाट मोकळी होते. कटर किती जाडीच्या खोडासाठी बनवला आहे ते पाहावे, आणि तो दगड व लाकडाचे तुकडे फार लांब भिरकावतो, म्हणून आसपास कोणीही असू नये.

पुढे करवत चालवण्याआधी एक निर्णय घ्यावा, जो अनेक जण झाड पडल्यावर घेतात: बुडख्याचे काय करायचे? तो मुळासकट उपटायचा असेल तर खोड एक ते दीड मीटर उंच सोडावे, कारण तीच उंची पुढे तरफेसारखी उपयोगी पडते; यंत्राने भुगा करायचा असेल तर जमिनीलगत कापावे. झाड ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूने सुमारे ७० अंशांची खाच घ्यावी आणि मागचा काप देताना मध्ये लाकडाची बिजागरी शिल्लक ठेवावी. बिजागरीची जाडी खोडाच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश असावी, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या खोडाला ३ सेंटीमीटर. इतर सर्वांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबावे आणि कापणाऱ्याने मागे तिरकस जाणारी वाट आधीच मोकळी करून ठेवावी. कललेले, पोकळ किंवा दुसऱ्यात अडकलेले मोठे झाड अनुभवी माणसाकडे सोपवावे.

ओंडके ओढणे आणि उचलणे

साखळी नेहमी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओझे ओढण्यासाठीच्या पट्टीलाच) बांधावी. ती टॉप लिंकला (थ्री-पॉइंटच्या वरच्या दांड्याला), सीटच्या चौकटीला किंवा धुऱ्याच्या वर कुठेही बांधली आणि ओंडका अडकला, तर इंजिनाची ताकद चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या धुऱ्याभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरता न येणाऱ्या कोनापलीकडे गेलेला असतो. चालकाला काय घडते आहे हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून लो गिअरमध्ये हळूहळू ताण द्यावा, झटका देऊ नये, आणि ओंडका अडला तर थांबून अडथळा काढावा. ओंडके बरेच असतील तर मागे जोडायचा विंच (दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र) घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन: ट्रॅक्टर एका जागी घट्ट उभा राहतो, विंचची पाटी जमिनीत रुतते आणि लाकूड त्याच्याकडे येते. ताणलेल्या दोराच्या रेषेत मात्र कोणी उभे राहू नये.

उचलण्यासाठी लोडरवर मुळांचा ग्रॅपल (मुळे व लाकूड पकडणारा दातेरी पंजा) लावावा. त्याच्या दातांमधून माती गळून पडते. उचलक्षमतेचा हिशेब मात्र स्वतः करावा. पुस्तिकेतला आकडा बहुधा लोडरच्या टोकाच्या पिनांजवळ मोजलेला असतो, ओझे मात्र त्याच्याही अर्धा मीटर पुढे असते आणि ग्रॅपलचे स्वतःचे दीड-दोनशे किलो त्यातूनच वजा होतात. ओले लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १,००० किलो भरते. म्हणजे ५० सेंटीमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा ओंडका ४७० ते ५९० किलोंचा होतो. असा ओंडका उचलण्यापेक्षा त्याचे दोन तुकडे करणे शहाणपणाचे ठरते. ओझे जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवून न्यावे, आणि उतारावर आडवे न जाता सरळ वर-खाली जावे.

बुडखे काढणे

मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटीमीटरमध्ये आडवा पसरलेला असतो, म्हणून बुडखा हा ताकदीपेक्षा चिकाटीने निघतो. बॅकहोने (ट्रॅक्टरच्या मागे बसवायच्या खोदणाऱ्या हाताने) खोडापासून थोड्या अंतरावर तीन बाजूंनी चर खणून एकेक मूळ तोडावे, मग चौथ्या बाजूकडे उंच खोड हळूच रेटून कलते का ते पाहावे. कलत नसेल तर कुठेतरी मूळ शिल्लक आहे असे समजून पुन्हा खणावे. सोटमूळ असलेल्या जातींत ते बुडख्याच्या थेट खाली सापडते. बॅकहो शक्यतो ट्रॅक्टरच्या चासीला जोडणाऱ्या स्वतंत्र सांगाड्यावर बसवलेला असावा, कारण नुसत्या थ्री-पॉइंटवर लटकवलेल्या बॅकहोचे झटके ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याच्या आवरणालाच चिरा पाडू शकतात. साखळीने झटके देऊन बुडखा उपटण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

भुगा करणारे यंत्र पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर चालते, आणि तो शाफ्ट सहसा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्यांनी फिरतो. शाफ्टवरचे आवरण शाबूत असावे, अंगावर सैल कपडे नसावेत आणि खाली उतरण्याआधी इंजिन बंद करावे. वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाचे खोड कापताना सावध राहावे, कारण भार सुटताच मुळांचा गड्डा झपाट्याने पुन्हा सरळ उभा राहतो.

खड्डे बुजवताना त्यात लाकूड पुरू नये; ते कुजले की जमीन खचते. माती वीतभर थरांत टाकून प्रत्येक थर दाबावा आणि शेवटी भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंचवटा ठेवावा, म्हणजे पहिल्या पावसात माती बसल्यावर पातळी बरोबर येते.