रोपवाटिकेला रात्रीची ऊब, विजेशिवाय

किनाऱ्यालगत समुद्र थंडीची धार बोथट करतो, पण दापोलीसारख्या पठारी भागात पौष-माघातल्या रात्री पारा चांगलाच उतरतो आणि हरितगृहातील मिरची-टोमॅटोच्या रोपांची वाढ मंदावते. त्यासाठी हीटर लावण्याआधी पाण्याचा उपयोग करून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

२०० लिटरचे पिंप बाहेरून काळे रंगवून, काठोकाठ भरून, दिवसभर थेट ऊन लागेल अशा जागी हरितगृहातच ठेवावे. त्यातील पाणी रात्रीतून १० अंशांनी निवले, तर सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता रोपांभोवती सुटते. पहाटे पिंपाला हात लावला तर ते आतल्या हवेपेक्षा कोमट लागते. झाकण घट्ट हवे, नाहीतर डास होतात. पिंपाखाली जांभ्याचे चिरे मांडल्यास तेही थोडी ऊब धरतात.

खरी चूक होते ती पडदे उशिरा पाडण्यात. सूर्यास्ताच्या तासभर आधीच ते पाडून कडा मातीने दाबाव्यात, आणि सकाळी ऊन चढताच उघडावेत, कारण प्लास्टिकच्या आतील बाजूस साचलेले दव रोपांवर ठिबकत राहिल्यास बुरशी वाढून कोवळी रोपे बुंध्याशी कुजतात.