जमिनीत कुजणारे सेन्सर वापरताय? काळ्या मातीत या चुका टाळा

कागद, लाकूड, मेण असल्या कुजणाऱ्या मालावर बनवलेले हे सेन्सर मातीत पुरायचे, ते नायट्रेट (पिकाला घेता येणारं नत्र) किती आहे ते सांगतात आणि काम झालं की मातीतच कुजतात. अजून बरंचसं काम प्रयोगाच्या पातळीवरच आहे, पण ट्रायलला मिळाले असतील तर हे आधी वाचा, कारण बऱ्याचदा सेन्सर बरोबर असतो, पुरायचं आपलं चुकतं.

माझंच सांगतो. मोहोळकडं डाळिंबात मी सेन्सर बरोबर ड्रीपरखाली पुरला. व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) खत सोडलं की आकडा एकदम वर, दोन पाणी झाले की तळाला, मग मी घाबरून परत खत सोडायचो. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर पुढं सरकतं, त्यामुळं ड्रीपरखालची जागा धुऊन निघते आणि खत ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतं. वीतभर बाजूला, पांढऱ्या मुळ्या दिसतात तिथं पुरा, आणि एकावर विसंबू नका, बागेत तीन-चार जागी तरी लावा.

दुसरी गोष्ट भेगांची. आपली काळी माती वाळली की फाटते, सेन्सर हवेत लोंबकळतो आणि आकडा शून्यावर किंवा उड्या मारत. नत्र कुठं गेलेलं नसतं, सेन्सरला ते पाण्यात विरघळलेलंच कळतं. बारीक मातीचा चिखल करून त्यात दाबून बसवा. पाणी देऊन वाफशावर परत बघा, आकडा जागेवर आला तर समजा भेगच होती.

युरिया टाकला आणि दुसऱ्या दिवशी आकडा हलला नाही म्हणून सेन्सर उपटू नका हो, युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट व्हायला दिवस लागतात. उलट बोअरचं पाणी खारं असेल किंवा लाल पोटॅश (म्हणजे पोटॅशियम क्लोराईड) सोडलं असेल तर क्लोराईडमुळं आकडा उगाच फुगलेला दिसू शकतो. मृद आरोग्य पत्रिकेतल्या किलो प्रति हेक्टरशी थेट ताडून बघायचं नाही, मोजायची पद्धतच वेगळी आहे.

आकडा रोज थोडा थोडा एकाच दिशेनं सरकत चालला तर बहुतेक सेन्सर कुजायला लागलाय, खत सोडायच्या आधी मातीचा नमुना लॅबला द्या. नवे सेन्सर पत्र्याच्या शेडात खताच्या पोत्याशेजारी ठेवू नका, दमटपणानं पुरायच्या आधीच खराब होतात. आणि चिप, बॅटरी कुजत नाही, रोटाव्हेटर मारायच्या आधी ती आठवणीनं काढून घ्या.