ब्रिटनमधला कॉम्बी बॉयलर: प्रेशर उतरलं तर

कॉम्बी बॉयलर म्हणजे घराचं हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा एकच बॉयलर. दोन्ही एकदम बंद पडलं, तर आधी बॉयलरवरचा पाण्याच्या प्रेशरचा काटा बघा. बॉयलर थंड असताना तो 1 ते 1.5 बारवर (बार हे प्रेशरचं एकक) हवा. फार खाली गेला की बॉयलर पेटतच नाही.

बॉयलर बंद करून गार होऊ द्या. बहुतेक मॉडेलना खाली स्टीलच्या जाळीची लवचिक नळी असते. तिचे दोन्ही व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, पाणी शिरल्याचा आवाज येईल. काटा 1.5 च्या जवळ आला की दोन्ही घट्ट बंद करा, मग रीसेट. एखादा किंचित जरी उघडा राहिला तरी प्रेशर चढत जातं आणि 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह घराबाहेरच्या पाइपातून पाणी सोडतो.

रेडिएटरमधली हवा काढल्यावर काटा उतरणं साहजिक आहे. दर आठवड्याला उतरत असेल, तर मात्र बहुधा गळती. बॉयलरचं झाकण गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) यादीत असलेल्यानेच उघडावं.