मंडळीच्या छोट्या गटात शंका कशा बोलाव्यात : आठ बैठकांची आखणी

मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, खऱ्या शंका उपासनेनंतर फाटकाबाहेर, स्कूटर स्टँडवरून काढता काढता बोलल्या जातात. "एवढी उपास-प्रार्थना केली, तरी आई गेलीच ना?" "चार शुभवर्तमानांत येशूच्या कबरेजवळचे देवदूत वेगवेगळे कसे?" घरगुती प्रार्थनासभेत मात्र हीच माणसे गीत म्हणतात, साक्ष ऐकतात, चहा पितात आणि घरी जातात. या शंका चारचौघांत, शास्त्र उघडून बोलता याव्यात यासाठी आठ बैठकांचा गट कसा चालवायचा ते इथे दिले आहे. सगळी आखणी एका प्रश्नाभोवती आहे: कोणी पहिली खरी शंका बोलून दाखवल्यावर पुढच्या दोन मिनिटांत गट काय करतो? तिथे चूक झाली तर उरलेल्या बैठकांत लोक पुन्हा ठरलेलीच उत्तरे देऊ लागतात.

आधी परवानगी

पाळकसाहेबांना, कॅथलिक धर्मग्रामात असाल तर फादरांना, आधी भेटा. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: गट आठ बैठकांनी संपेल, वर्गणी गोळा होणार नाही, वेगळी शिकवण दिली जाणार नाही. तिसरी गोष्ट चर्चच्या कमिटीला विशेष ऐकायची असते. घरातल्या सभेतून वेगळी मंडळी निघाल्याची उदाहरणे सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे तो संशय अगदीच निराधार नसतो.

वर्गणीवरून आठवले. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे प्रसिद्ध 'क्लास' १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते वर्गणीसाठीच. प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येकी आठवड्याला एक पेनी ठरवली. पेनी मागायला घरोघर जाणाऱ्यांना माणसांचे खरे हाल कळू लागले, आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी त्या भेटींचेच आत्मिक काळजीच्या गटांत रूपांतर केले. तुमच्या गटात मात्र पैसा आणू नका.

पाळकांनी गट चालवू नये. ते कितीही प्रेमळ असले तरी ते खोलीत असताना प्रत्येक प्रश्नानंतर सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात आणि त्यांनाही उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. त्यांना सहाव्या बैठकीला बोलवा. तोवर गटाला एकमेकांशी बोलायची सवय लागलेली असते.

माणसे, जागा, वेळ

सात ते नऊ जण आणि दोन चालक, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. पाचांहून कमी असतील तर दोघे आजारी पडताच बैठक कोसळते. अकराच्या पुढे गेलात की तिघे-चौघे आठही बैठका गप्प बसून काढतात. आई-वडील आणि त्यांची मुले एकाच गटात ठेवू नका. वीस वर्षांचा मुलगा वडिलांसमोर "मला वाटतं मी प्रार्थना करतो तेव्हा कोणी ऐकत नाही" असे म्हणणार नाही, आणि वडील तर त्याच्यासमोर त्याहून म्हणणार नाहीत. नवरा-बायकोला वेगवेगळे विचारा, एकत्र बसायचे की नाही.

जागा घरातली घ्या. चर्चमधले बाक पुढे तोंड करून असतात, त्यामुळे बोलणारा पाठींशी बोलतो. गोल बसा. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची आणि बाकीचे सतरंजीवर असे होते, पण मग चालकाने सतरंजीवर बसावे. चार घरे ठरवून प्रत्येकाकडे दोन बैठका घ्या. खायला फक्त चहा आणि खारी किंवा बिस्किटे. हा नियम कडक पाळा, कारण एका घरी कटलेट झाले की दुसऱ्या घरी बिर्याणी होते, आणि यजमानीणबाई सगळी बैठक ओट्यापाशी काढतात. अनेकदा सर्वांत जास्त बोलण्यासारखे त्यांच्याकडेच असते.

एप्रिल-मे टाळा, निम्मे लोक गावी जातात. कॅथलिक पंचांगात ३ जुलै हा संत थोमाचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या शिष्याचा, सण आहे, आणि पहिली बैठक त्याच्यावरच आहे. त्या आठवड्यात सुरू केले तर ऑगस्टअखेर आठ बैठका होतात. वार मधला घ्या, संध्याकाळी साडेसात ते नऊ.

नव्वद मिनिटे अशी वाटा: चहा १० (सुरुवातीलाच, म्हणजे उशिरा येणारे त्यात सामावतात), शांतता आणि एक छोटी प्रार्थना ५, उतारा दोनदा मोठ्याने वाचून "इथे नेमके काय लिहिले आहे" एवढ्यावरच बोलणे २०, मोकळी चर्चा ३५, मनातले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहिणे १०, शेवटचे स्तोत्र १०. वाचनासाठी दोन मराठी भाषांतरे ठेवा: सवयीचे पवित्र शास्त्र आणि एखादे सोप्या मराठीतले. जुन्या भाषेतले वाक्य इतके पाठ असते की कानावरून घसरून जाते. नव्या भाषेत तेच वाक्य अडते, आणि अडले की माणूस विचारतो.

चिठ्ठ्यांची एक गंमत आहे. लहान मंडळीत सगळ्यांना सगळ्यांचे अक्षर ओळखू येते, म्हणून "नाव लिहू नका" एवढे पुरेसे नाही. एका चालकाने चिठ्ठ्या घरी नेऊन सगळे प्रश्न स्वतःच्या अक्षरात उतरवावेत, मूळ चिठ्ठ्या फाडाव्यात आणि यादी पुढच्या बैठकीत वाचावी. कोरी असली तरी चिठ्ठी प्रत्येकाने घडी घालून टाकायचीच, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही.

गुप्ततेचा नियम आणि त्याची हद्द

पहिल्याच बैठकीत सांगा: इथले बोलणे इथेच राहील, प्रार्थनाविनंती म्हणूनसुद्धा बाहेर जाणार नाही. मंडळीत चहाडी बहुतेक वेळा "जरा अमक्यासाठी प्रार्थना करा हं" अशीच सुरू होते. व्हॉट्सॲप गट फक्त वेळ आणि पत्ता कळवायला ठेवा, फॉरवर्ड बंद.

त्याच वेळी हद्दही सांगा. कोणी जीव देण्याबद्दल बोलले, घरात मारहाण होत असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट निघाली, तर चालक गप्प बसणार नाहीत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे मंडळीची अब्रू आड येऊ शकत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस १४४१६ हे दोन नंबर चालकांच्या फोनमध्ये असू द्या. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, आणि त्यात "देव दूर गेलाय" असे वाटते, तर ती केवळ विश्वासाची अडचण समजू नका. डॉक्टरांकडे जायला सोबत करा.

ती दोन मिनिटे

समजा एक ताई म्हणाल्या, "खरं सांगू? मुलगा गेल्यापासून मला उपासनेत काहीच वाटत नाही. मी नुसती उभी राहते."

गट लगेच तीनपैकी एक गोष्ट करू पाहील. कोणी धीर द्यायला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढेल. कोणी आपली साक्ष सुरू करेल: "माझंही असंच होतं, पण प्रभूने..." कोणी "चला, आपण आत्ताच प्रार्थना करू" म्हणून डोळे मिटेल. तिन्ही प्रेमापोटी होते आणि तिन्हींचा ताईंना मिळणारा निरोप एकच: हे इथे बोलायला नको होते.

चालकाने हात किंचित वर करून सगळ्यांना थांबवावे आणि मनात दहा आकडे मोजावेत. मग त्यांचेच शब्द त्यांना परत द्यावेत: "तुम्ही उभ्या राहता, पण आत काही हलत नाही." मग एकच प्रश्न: "ताई, यावर आत्ता काही बोलावं असं वाटतं, की आम्ही नुसतं ऐकावं?" त्या "नुसतं ऐका" म्हणाल्या तर नुसते ऐका. वचन नंतरही देता येते.

बायबलमधल्या ईयोबाचे, सगळे गमावून बसलेल्या त्या माणसाचे, मित्र इथे उपयोगी पडतात. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, अवाक्षर बोलले नाहीत; तोवर सगळे ठीक होते. मग त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. शेवटी, ४२ व्या अध्यायाच्या ७ व्या ओवीत, देव त्यांच्यावरच रागावतो आणि वाद घालणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवतो.

शंका कोणत्या जातीची?

सगळ्या शंकांना एकच औषध दिले की गट फसतो. माहितीची शंका असेल तर माहिती द्या. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या, १६:९ ते २०, सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस यांत, नाहीत. अनेक छापील बायबलांत तशी तळटीप असते. तरुण मंडळी हे मोबाइलवर वाचून येतात. चालकाला ते तिथेच पहिल्यांदा कळले तर चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा टीपेपेक्षा जास्त धक्का देतो. ठाऊक नसेल तर "पुढच्या बैठकीत बघून सांगतो" म्हणा आणि खरोखर सांगा.

जखमेतून आलेली शंका बोलताना माहितीसारखीच दिसते. "देव दुःख का देतो?" हा प्रश्न कॉलेजातला मुलगा विचारतो तेव्हा एक असतो आणि रुग्णालयातून आलेली बाई विचारते तेव्हा दुसरा. ओळखायची खूण: उत्तर मिळाल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारतो की गप्प होतो? गप्प झाला तर उत्तर चुकीच्या दाराशी गेले.

तिसऱ्या प्रकारची शंका मंडळीतल्या माणसांवरून येते: निवडणुकीतली गटबाजी, लग्न जमवताना अचानक आठवणारी जुनी जात, मिशनच्या जमिनीचे वाद. इथे सिद्धांत समजावू नका. जे वाईट झाले ते वाईट झाले असे मान्य करा. मात्र नावे घेऊ देऊ नका, नाहीतर बैठकीची पंचायत होते.

आठ उतारे

पहिल्या बैठकीला थोमा घ्या, योहान २०:२४-२९. दोन गोष्टी लोकांना स्वतः शोधू द्या. एक, थोमा "मी विश्वास ठेवणार नाही" म्हणाल्यावर आठ दिवसांनीही शिष्यांबरोबर त्याच घरात आहे. कोणी त्याला बाहेर काढलेले नाही. दोन, त्याने जखमेत बोट घातले असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. बहुतेकांना हे चित्रांमुळे खरे वाटत असते, आणि ओळ शोधून सापडली नाही की गट जागा होतो. थोमा इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर आला ही भारतातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी परंपरा आहे. शंका घेणाऱ्यालाच आपण आपला प्रेषित मानतो, हे ज्येष्ठांना सांगून बघा.

दुसरी बैठक मार्क ९:१४-२९, आजारी मुलाचा बाप. त्याचे "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" हे एक वाक्य पूर्ण अर्धा तास पुरते. तिसरी स्तोत्र ८८. हे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची ओळ नाही. कोणीतरी ती जोडायचा प्रयत्न करेल. करू देऊ नका. चौथी ईयोब १, २ आणि ४२. पाचवी लूक ७:१८-२३, जिथे तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान निरोप पाठवतो: जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

सहावीला मोठ्या कागदावर चार रकाने आखा आणि चारही शुभवर्तमानांतून पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे कोण गेले, तिथे कोण दिसले, हे लोकांकडूनच भरून घ्या. मत्तयात दोघी मरीया आणि एक देवदूत; मार्कात तीन स्त्रिया आणि एक तरुण; लूकात जास्त स्त्रिया आणि दोन पुरुष; योहानात एकटी मग्दालीया मरीया आणि दोन देवदूत. मग योहान २०:२ मधले तिचे "आम्हांला ठाऊक नाही" हे अनेकवचन दाखवा. फरक लपवू नका आणि दहा मिनिटांत मिटवूही नका. चारही ठिकाणी मग्दालीया मरीया आहे आणि चारही ठिकाणी कबर रिकामी आहे, तेही त्याच कागदावर दिसते. पाळकसाहेब याच बैठकीला असावेत. सातवीला साठलेल्या चिठ्ठ्या. आठवीला मत्तय २८:१६-२०. गालीलातल्या डोंगरावर नमन करणाऱ्यांतही कित्येकांना संशय वाटला, असे १७ वी ओवी सांगते.

नेहमी बिघडते ते

एक काका प्रत्येक प्रश्नाला पंधरा मिनिटांचा संदेश देतात. चारचौघांत त्यांना तोडू नका, बैठकीआधी भेटून सांगा, "काका, तुम्ही शेवटी बोला, नाहीतर पोरं तुमच्यापुढे बोलत नाहीत." मान राखला की बहुतेक काका ऐकतात. "प्रश्न विचारणारा भरकटतो" असे कोणी म्हटले तर पंडिता रमाबाईंची आठवण द्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्रैक्यासारख्या (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सिद्धांतांवर कडाक्याचा वाद घालत होत्या. पुढे त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले.

प्रार्थनेतले टोमणे हे दुखणे जुनेच आहे: "हे प्रभू, आमच्या या भावाचे डोळे उघड." यावर उपाय असा की शेवटची प्रार्थना उत्स्फूर्त ठेवायची नाही. एक स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचायचे. कोणाला स्वतःसाठी प्रार्थना हवी असेल तर त्याने मागावी, आणि त्याने मागितली तेवढीच करावी.

आठव्या बैठकीनंतर गट खरोखर बंद करा. "चालू ठेवूया ना" असा आग्रह होईल. निदान दोन महिने थांबून, नव्या माणसांसह पुन्हा सुरू करा. मध्येच यायचे थांबलेल्यांची यादी काढा. त्यांना फोन चालकानेच करावा, पहिल्या आठवड्यातच, आणि "आला नाहीत" हे वाक्य न उच्चारता. तब्येत विचारावी, घरच्यांची चौकशी करावी, आणि त्यांचा एखादा प्रश्न यादीत राहिला असेल तर तो अजून यादीत आहे एवढे सांगावे.