या चुका टाळा: जनावराच्या बिलाचा विचार काउंटरवर उभं राहून करू नका

मी डॉक्टर नाही. कर्जत-नेरळ पट्ट्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं बिलाच्या काउंटरवर बसते. आत डॉक्टर रोग बघतात, बाहेर मी माणसांचे चेहरे बघते. आमच्याकडे फार्महाऊसवरचे लॅब्रॅडॉर येतात, सोसायट्यांतल्या मांजरी येतात, माथेरानचे घोडे येतात आणि लग्नाच्या वरातीचे पण येतात. जनावरं वेगवेगळी असली तरी मालकांच्या चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून टाकते.

"सकाळी बघू, ताई"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फोन वाजला की आधीच कळतं.

काही वर्षांपूर्वी जुलैतली गोष्ट. नेरळहून एका घोडेवाल्या मामांचा संध्याकाळी सातला फोन. घोडा पाय आपटतोय, मान वळवून सारखा पोटाकडे बघतोय, दुपारपासून लीद नाही. म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोटात जे अडकलं ते वरून बाहेर पडायला वाटच नाही. त्यामुळे घोड्याचं पोट दुखणं हे आपल्या पोट दुखण्यासारखं नसतं, तिथे तास मोजायचे असतात. मी सांगितलं, डॉक्टर आत्ता निघतील, रात्रीच्या फेरीचे पंधराशे, औषधं धरून साडेतीन हजारांपर्यंत जाईल. पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग, "सकाळी बघू, ताई."

रात्री कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी गोडेतेलात हिंग-ओवा कालवून बांबूच्या नळकांड्यातून पाजलं. दोघांनी मान वर धरली, तिसऱ्याने ओतलं. अर्धं तेल पोटात गेलं, थोडं श्वासनळीत. सकाळी डॉक्टर पोचले तेव्हा घोडा घामाने निथळत होता. नाकातून नळी घातली, तीन दिवस सलाइन चालू राहिलं, पोट सुटलं. पण तोवर फुप्फुसांत सूज आली होती, तिचं इंजेक्शन पुढे दहा दिवस. बिल 31 हजार. घोडा वाचला, पण दिवाळीत खोगीर चढवता आलं नाही, आणि दिवाळी म्हणजे त्यांचा ऐन धंदा. बिलाचे शेवटचे पैसे घेऊन आले तेव्हा मामींच्या गळ्यातली बोरमाळ नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता यात मामांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण लहानपणापासून घोड्यांत वाढलेल्या माणसाला पोटशूळ ओळखता येत नाही असं थोडंच आहे? खिशात साडेतीन हजार नव्हते, इतकंच. माथेरानला गाड्या वर जात नाहीत, दस्तुरीला थांबतात, म्हणून तिथे घोड्याला धंदा आहे. पण पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, पर्यटक आटतात, आणि घोडा मात्र रोज तितकंच खातो. उत्पन्न आठ महिन्यांचं, पोट बारा महिन्यांचं. आणि आजारपण नेमकं पावसात येतं: ओला चारा, बुरशी लागलेला भुसा, चिखलात सडलेले खूर.

पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी आणि आणखी आठ जणांनी घोड्यांची भिशी सुरू केली. मी फक्त वही घालून दिली. चौदा घोडे, घोड्यामागे महिना 300, ऑक्टोबर ते मे आठ महिने. जूनच्या तोंडावर 33,600 रुपये हातात. नेहमीच्या भिशीसारखी चिठ्ठी काढून कोणाला द्यायचे नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की रक्कम मिळते आणि सीझन सुरू झाला की पहिल्या कमाईतून परत भरायची. पहिल्याच वर्षी भांडण झालं, कारण एकाने नालबंदाचे पैसे यातून उचलले. मग ठरलं की नाल हा ठरलेला खर्च, तो ज्याचा त्याने करायचा. धनुर्वाताची लस मात्र भिशीतून, कारण घोड्याला एका गंजक्या खिळ्याने धनुर्वात होतो आणि लस त्या उपचाराच्या मानाने चिल्लर आहे.

कुत्रा-मांजरवाल्यांनी यावर हसू नये. तुमचा पगार बारा महिने येतो, तरी तुम्ही पण "सोमवारी दाखवू" म्हणता. रविवारी रात्री गोचीडतापाने आडवा झालेला कुत्रा सोमवारपर्यंत थांबत नाही. गोचीड मारायची गोळी महाग वाटते ना? रक्त चढवायची वेळ आली की मग बोला.

विमा काढलाय म्हणजे झालं

नाही झालं.

घोड्याचा विमा आपल्याकडे मुख्यतः मृत्यूचा असतो. जादा हप्ता भरला तर कायमच्या अपंगत्वाचा. उपचाराचं बिल त्यातून सहसा मिळत नाही. दर वर्षी कोणीतरी कागद नाचवत येतो, "इन्शुरन्स आहे, बिल त्यांना पाठवा." मी कागद वाचून दाखवते आणि मग तो माझ्यावरच चिडतो.

त्याहून वाईट एक प्रकार. वरातीला घोडी देणारा एक मुलगा, तिशीतला. सारंगखेड्याच्या यात्रेतून पांढरी घोडी आणली होती, दत्तजयंतीच्या बाजारात, होती-नव्हती ती सगळी रोकड ओतून. विमा मात्र काढला होता, त्याबद्दल कौतुकच. मे महिन्यात घोडी रात्रीत गेली. गावात वास नको म्हणून पहाटेच जेसीबी बोलावून खड्डा केला, मीठ घातलं, पुरली. चौथ्या दिवशी आमच्याकडे आला, "मेल्याचं सर्टिफिकेट द्या." पुरलेल्या घोडीचं शवविच्छेदन कोण करणार? कंपनीला कळवलं नव्हतं, अंगावरच्या खुणांचे फोटो नव्हते, पॉलिसीत घोडीचा रंग लिहिला होता एवढीच ओळख. दावा फेटाळला गेला. कंपनीला शिव्या देत बसला, पण खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचाच राग आला होता. हप्ता भरायला वेळ होता, चार पानं वाचायला नव्हता.

जनावर विम्यात असेल तर क्रम असा: जीव गेला की आधी कंपनीला फोन, मग पशुवैद्य, मग फोटो, आणि खड्डा सगळ्यात शेवटी. विमा काढतानाच चारी बाजूंनी फोटो, टिळा, भोवरे, डाग सगळं नोंदवून घ्या.

कुत्र्यांच्या पॉलिसी थोड्या वेगळ्या, त्यांत उपचाराचा खर्च घेता येतो. पण सुरुवातीचे काही दिवस, बऱ्याचदा महिनाभर, आजारपण धरत नाहीत. आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत. लस दिली नसेल तर त्या रोगाचा दावा मिळत नाही. आणि बहुतेक वेळा बिल आधी तुम्ही भरायचं, पैसे नंतर. म्हणजे रविवारी रात्री काउंटरवर रोकड लागणारच आहे. अठरा हजारांचं पिल्लू आणून लसीला "पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्यांना तर विमाही वाचवत नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा रोग, पुढच्या महिन्याची वाट बघत नाही.

जाता जाता: आरोग्य विम्यावरच्या आयकर सवलतीत (लोक जिला 80डी म्हणतात) कुत्र्याचं बिल बसत नाही. दर मार्चला कोणीतरी विचारतंच.

एकेका ओळीच्या चुका

मांजरीला क्रोसिन. पॅरासिटामॉलने मांजर मरते, आणि वाचवायचा खर्च गोळीच्या हजारपट येतो.

मादीचं नसबंदीचं ऑपरेशन टाळणं. सात-आठ वर्षांनी गर्भाशयात पू होऊ शकतो, मग तेच ऑपरेशन मध्यरात्री, तिप्पट पैशांत, अर्धमेल्या कुत्रीवर करावं लागतं.

अंदाज न विचारणं. लोकांना लाज वाटते. मला विचारा ना, साधारण किती होईल, कुठे कमी करता येईल, कोणती तपासणी आज हवीच आणि कोणती उद्या चालेल. आधी विचारणाऱ्याला आम्ही कधी कंजूष म्हणत नाही. नंतर घासाघीस करणाऱ्याला म्हणतो.

सरकारी दवाखाना विसरणं. लसीकरण, जंताचं औषध, साधी जखम यांसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, 1962 वर फोन केला की फिरतं पथक येतं. मुंबईच्या बाजूच्यांना परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं मोठं रुग्णालय, आहेच. रांग असते. रांगेत उभं राहायचं.

साप चावल्यावर दवाखाना शोधणं. आमच्या भागात घोणस भरपूर. प्रतिविषाच्या कुपीला हजाराच्या आसपास पडतात, किती लागतील ते आधी सांगता येत नाही, आणि प्रत्येक दवाखान्यात ती नसतेच. कोणाकडे असते हे मे महिन्यात फोन करून विचारून ठेवा.

हस्की, बर्फाळ प्रदेशातला केसाळ कुत्रा. एवढंच लिहिते. कर्जतला, मे महिन्यात, हस्की.

कुठे थांबायचं हे न ठरवणं

मागच्या हिवाळ्यात तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर आला. प्लीहेत गाठ, आत रक्तस्राव सुरू. शस्त्रक्रिया करता आली असती, पण डॉक्टरांनी साफ सांगितलं की मिळाले तर काही महिने. एक मुलगा काउंटरवर, दुसरा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. "पैशांचं बघू नका, करा, मी पाठवतो." इथला म्हणतो, "तू पाठवशील, पण रात्रभर जागणार कोण?" वीस मिनिटं हे माझ्यासमोर चाललं. कुत्रा ज्यांच्या खाटेखाली झोपायचा ते वडील बाकावर बसून होते. त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. शेवटी तेच उठले आणि मला म्हणाले, "बाई, त्याला फार दुखतंय का आत्ता?"

त्या आठवड्यात मी घरी आमच्या जनावरांची फाइल काढली. माझी पद्धत काही शास्त्रशुद्ध नाही. एक कुत्रा, दोन मांजरी. गावातल्या पतसंस्थेत वेगळं खातं, दर महिन्याच्या पाच तारखेला 700 रुपये, मोबाईलला जोडलेलं नाही, म्हणजे सेल लागला की हात जात नाही. लसीची कार्डं, पासबुक आणि रात्री उघडे असणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, फ्रिजच्या वर. आता प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आम्ही दोघांनी बसून लिहिलंय: कोणत्या वयापर्यंत मोठी शस्त्रक्रिया करायची, किती रुपयांपर्यंत, आणि दोघांपैकी कोणी बाहेरगावी असेल तर निर्णय कोणाचा. चहा पीत लिहिलं, कोणी आजारी नसताना. तरी कुत्र्याच्या पानाला तासभर लागला.

थोरल्या मांजरीच्या पानावर नवऱ्याच्या अक्षरात 15,000 होतं. परवा बघितलं तर मुलीने ते खोडून वर 30,000 केलेत आणि खाली सही ठोकलीय. मी पुसलं नाही. पाच तारखेला 900 भरले.